टॉवर मुका झाल्यावर

१९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली. इकडून जाणारे संदेश खडकीच्या प्रक्षेपकावरून निघत आणि तिकडून येणारे संदेश दौंडला उतरत. मार्कोनीच्या ‘बीम’ पद्धतीची ही सेवा होती. लघुलहरींचा झोत एका ठरावीक दिशेने सोडायचा, वातावरणाच्या अगदी वरच्या थरावर, म्हणजे आयनांबरावर, आपटून तो हजारो मैलांवर उतरायचा. इंग्लंडच्या टोकाला ग्रिम्स्बी आणि स्केगनेस या गावांजवळ तशीच केंद्रे होती. ही सेवा इतकी स्वस्त आणि झटपट ठरली की समुद्रतळावरच्या केबल टाकून बसलेल्या कंपन्यांचे धाबे दणाणले आणि अखेर ब्रिटनमध्ये दोन्ही धंद्यांचे विलीनीकरण करावे लागले. मनमाडची गाडी सुटते ते जंक्शन, राज्य राखीव पोलीस दलाचे गाव, एवढीच दौंडची ओळख असणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

पुणे जिल्ह्याच्या या पट्ट्याचे विद्युतचुंबकीय लहरींशी असलेले नाते तिथेच थांबत नाही. नारायणगावाजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये देशाचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. शेजारच्या खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना घेऊन. तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग बदलण्याचा निर्णय झाला, त्यावर गावोगावी वाद रंगले. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींपायी जमिनीवरचा रूळ हलू शकतो, हे इथल्या शेतकऱ्याला आता पटवून द्यावे लागत नाही. विद्युतचुंबकीय स्पंद, ज्याला सगळे इंग्रजी आद्याक्षरांनी ईएमपी म्हणतात, त्याचा संपर्कयंत्रणेवर आणि आपत्कालीन तयारीवर काय परिणाम होईल हे सांगणारे पुस्तक शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना समोर ठेवून लिहावे, यात म्हणूनच नवल नाही.

आधी वस्तू काय ती पाहू. जमिनीपासून काही दहा ते काही शे किलोमीटर उंचीवर अण्वस्त्र फोडले तर खाली धक्का पोहोचत नाही, आगही पोहोचत नाही. पोहोचतात ते विद्युतचुंबकीय क्षेत्राचे तीन तडाखे, एकामागून एक. पहिला अब्जांश सेकंदांत येतो. स्फोटातली गॅमा किरणे वरच्या विरळ हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्या इलेक्ट्रॉनांना वळवते आणि त्यातून दर मीटरला हजारो व्होल्टचे क्षेत्र खाली झेपावते. चिप, रिले, मोडेम, संगणकाचे कार्ड यांना भीती याची. दुसरा तडाखा विजेच्या कडकडाटासारखा असतो, त्याला तडितरक्षक बरेचसे पुरे पडतात. पण पहिल्याने ते आधीच निकामी केले असतील तर पंचाईत. तिसरा संथ असतो, मिनिटभर किंवा अधिक रेंगाळतो आणि लांबच लांब विद्युतवाहिन्यांमध्ये जवळजवळ एकदिश असा प्रवाह उभा करतो. मोठी रोहित्रे तापतात ती यामुळे. जितकी तार लांब तितका धोका मोठा, हे या विषयातले पहिले सूत्र. कपाटात पडून असलेल्या, कशालाही न जोडलेल्या छोट्या ट्रान्झिस्टरपेक्षा उसाच्या फडातून किलोमीटरभर गेलेल्या ११ केव्ही लाइनच्या शेवटाला बसलेला इलेक्ट्रॉनिक मीटर जास्त धोक्यात असतो.

हे सारे पुस्तकी नाही. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात जॉन्स्टन बेटावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा ‘स्टारफिश प्राइम’ हा स्फोट केला. तिथून सुमारे १,४०० किलोमीटर लांब असलेल्या होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे गेले, चोरघंटा आपोआप वाजल्या. पुढच्या महिन्यांत अवकाशातले अनेक उपग्रह किरणोत्साराने आजारी पडले. स्फोटानंतर एका दिवसाने सोडलेला टेलस्टार हा दळणवळण उपग्रहही त्यात होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने कझाकस्तानावर केलेल्या चाचणीत शेकडो किलोमीटर लांबीच्या टेलिफोन लाइनचे फ्यूज उडाले आणि जमिनीखालच्या वीजकेबललाही फटका बसला. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर वातावरणातल्या आणि अवकाशातल्या चाचण्या या देशांनी थांबवल्या. आज जगात याबद्दल जे ज्ञान आहे त्याचा पाया त्या मोजक्या स्फोटांतला आहे. बाकी सारे प्रयोगशाळेतले आणि संगणकावरचे गणित. वादाचे मूळही इथेच.

त्याआधीचा धडा मात्र मुंबईत शिकवला गेला होता आणि शिक्षक सूर्य होता. सप्टेंबर १८५९ च्या पहिल्या दोन दिवसांत इतिहासातले सर्वांत प्रचंड नोंदले गेलेले सौरवादळ आले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकमापकाने क्षेत्राची जी घसरण टिपली ती सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची. दीडशे वर्षांनंतरही जगभरचे शास्त्रज्ञ त्या वादळाची ताकद ठरवताना कुलाब्याच्या वहीकडे वळतात. गंमत अशी की पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले आणि त्यांच्याच प्रवाहाने कुलाब्याची उपकरणे बिघडू लागणार म्हणून वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले. तिथली इमारतही लोखंड टाळून बांधली. शहर वाढते तसा त्याचा विद्युत-गोंगाट वाढतो हे खोडदच्या आधी सत्तर-ऐंशी वर्षे कुलाब्याने अनुभवले होते.

सूर्याचा तडाखा आणि बॉम्बचा तिसरा तडाखा यांचे काम बरेचसे सारखे चालते. १३ मार्च १९८९ च्या सौरवादळात कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीजयंत्रणा दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. त्या मानाने महाराष्ट्र चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून सौरवादळाने उठणारे प्रवाह इथे सहसा सौम्य. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानले इथून आकाशात तांबडी झाक टिपली गेली, पण आपल्या विजेला काही झाले नाही. हा दिलासा खरा आहे. मात्र बॉम्बच्या पहिल्या तडाख्याला अक्षांशाचा असा मुलाहिजा नसतो.

या विषयाची मांडणी करणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन पंथ आहेत आणि त्यांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. पहिला भौतिकशास्त्रज्ञांचा. साठच्या दशकात कॉनरॅड लाँगमायर यांनी पहिल्या तडाख्याची कारणमीमांसा नीट लावली, तेव्हापासून हे लोक क्षेत्राची तीव्रता, तरंगरूप आणि कवच यांची भाषा बोलतात. दुसरा पंथ धोक्याची घंटा वाजवणाऱ्यांचा. अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या ईएमपी आयोगाने २००४ आणि २००८ मध्ये अहवाल दिले. त्यातून एका स्फोटाने अख्खा देश शंभर वर्षे मागे जाईल असे चित्र उभे राहिले. कादंबऱ्या आणि चित्रपटांनी ते आणखी रंगवले. तिसरा पंथ वीजजाळे चालवणाऱ्या अभियंत्यांचा. अमेरिकेतल्याच वीजसंशोधन संस्थेने, ईपीआरआयने, २०१९ मध्ये मांडले की तिसऱ्या तडाख्याने रोहित्रांचा सरसकट संहार होणार नाही, वीज जाईल ती काही राज्यांच्या पट्ट्यात. पहिल्या तडाख्याने संरक्षक रिले आणि नियंत्रण उपकरणे बिघडणे ही अधिक गंभीर चिंता, आणि ती वाजवी खर्चात कमी करता येते.

प्रस्तुत पुस्तकाचा कल या तिसऱ्या पंथाकडे आहे आणि तो योग्यच म्हणावा लागेल. भीती विकणे सोपे असते. त्याच ईएमपी आयोगाने ३७ मोटारगाड्या चाचणीकक्षात उभ्या करून त्यांच्यावर स्पंद सोडले होते. चालू स्थितीतल्या तीन गाड्या बंद पडल्या आणि पुन्हा किल्ली फिरवल्यावर सुरू झाल्या. चित्रपटात मात्र महामार्गावरची प्रत्येक गाडी कायमची मरते.

अण्वस्त्राशिवायही असा स्पंद निर्माण करता येतो, पण त्याचा पल्ला छोटा. उच्चशक्तीच्या सूक्ष्मलहरी सोडणारे क्षेपणास्त्र अमेरिकेने २०१२ मध्ये युटाच्या वाळवंटात उडवून इमारतींतले संगणक बंद पाडून दाखवले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘काली’ ही इलेक्ट्रॉन प्रवेगक यंत्रणा याच घराण्यातली. तिच्याविषयी समाजमाध्यमांवर जितके लिहिले जाते त्याचा बराचसा भाग दंतकथेत मोडतो.

आता शिरूर-दौंडकडे वळू, कारण पुस्तकाचा जीव तिथे आहे.

या दोन तालुक्यांत आणीबाणीची वार्ता कशी फिरते? पावसाळ्यात खडकवासला साखळीतून मुठेत आणि वरच्या धरणांतून भीमेत पाणी सुटते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि पुढे दौंडच्या पुलाजवळ किती क्युसेक वाहते यावर खाली उजनी धरणाचे गणित बसते. ‘दौंडचा विसर्ग किती?’ हा प्रश्न जुलै-ऑगस्टमध्ये सोलापूरपर्यंत विचारला जातो. आकडे मोजायला स्वयंचलित केंद्रे आहेत, ते पोहोचवायला मोबाइल आणि व्हॉट्सअ‍ॅप. नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी काढायच्या की नाहीत हे शेतकरी त्या आकड्यावर ठरवतो.

घोडनदीच्या काठावरच्या शिरूर तालुक्यात दुसरी आणीबाणी चार पायांची असते. उसात बिबट्या वाढला, हल्ले वाढले, त्यात लहान मुले गेली. इथे ग्राम सुरक्षा यंत्रणेने मोठे काम केले आहे. नोंदणी केलेल्या फोनवरून टोल-फ्री नंबर लावायचा, काय घडते आहे ते आपल्याच आवाजात सांगायचे, आणि काही क्षणांत आसपासच्या सगळ्या नोंदणीकृत फोनवर तोच आवाज ऐकू येतो. चोर, बिबट्या, पूर, हरवलेले मूल, कशासाठीही. २०२४ च्या उन्हाळ्याअखेर दौंड, शिरूर, बारामती भागात रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या बातम्यांनी गावेच्या गावे गस्त घालू लागली तेव्हाही निरोप असेच फिरले. निरोपाबरोबर अफवाही त्याच वेगाने फिरल्या, हे पुस्तकात प्रांजळपणे आले आहे.

तिसरी आणीबाणी कुरकुंभची. रासायनिक कारखान्यांच्या या वसाहतीत ऑगस्ट २०१९ मध्ये रात्री एका कारखान्याला आग लागली आणि स्फोटांच्या आवाजाने आसपासच्या वस्त्यांनी घरे सोडून रस्ता धरला. रासायनिक कारखान्यातले तापमान, दाब, झडपा सारे आज इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली असते. पहिल्या तडाख्याचा प्रश्न इथे फोनपुरता राहत नाही.

या साऱ्यांची गोम एकच आहे. पूर असो, बिबट्या असो की आग, निरोप जातो तो मोबाइल टॉवरवरूनच. टॉवरच्या पायथ्याशी पत्र्याच्या कपाटात ४८ व्होल्टचा बॅटरी संच असतो, शेजारी कधी डिझेल जनरेटर असतो, कधी नसतो. वीज गेली की बॅटरी काही तास खेचते. मग टॉवर मुका. पोलीस मदतीचा ११२ लावला तर शिरूरचा कॉलही आधी नवी मुंबईतल्या किंवा नागपुरातल्या केंद्रात जातो आणि तिथून पुणे ग्रामीण पोलिसांकडे येतो. रुग्णवाहिकेच्या १०८ चे केंद्र पुण्यात औंधला. रोजच्या दिवशी ही उत्तम सोय आहे. मधला दुवा तुटला तर मात्र रांजणगावच्या अपघाताची खबर वीस किलोमीटरवरच्या शिरूरला पोहोचण्यासाठी आधी शेकडो किलोमीटरची फेरी मारायला बघते आणि वाटेत हरवते. २०२३ मध्ये सरकारने सर्वांच्या फोनवर एकदम किंचाळणारा चाचणीचा इशारा पाठवला होता, तोही शेवटी टॉवरचाच आश्रित.

ईएमपीची वाट न पाहताही हे घडते, हे पुस्तकाने उदाहरणांनी दाखवले आहे. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालची वीज भरदुपारी गेली. काही तासांत मोबाइल बंद पडत गेले आणि लोक दुकानांत बॅटरीवरचे रेडिओ शोधू लागले, मोटारीच्या रेडिओभोवती घोळके जमले. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या. आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातले माळीण तर अजून ताजे आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला, दीडशेवर माणसे गेली, आणि गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर आली ती नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकामुळे. ती एसटी त्या सकाळी पावसामुळे रद्द झाली असती तर? हा प्रश्न आपत्तीच्या अहवालांत क्वचितच विचारला जातो.

मग करायचे काय? कवच म्हणून पत्र्याची पेटी चालते, पण झाकणाची फट बुजली नाही तर लहरी आत शिरतात. कडेला धातूची पट्टी घट्ट बसली पाहिजे. दोन वॉकीटॉकी, एक रेडिओ, सेल वेगळे काढून ठेवलेले, एवढे एका गावाच्या पेटीत मावते. पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचे स्वतःचे जाळे आहे, मुख्यालय पुण्यातच; दौंडला राखीव दलाचे दोन गट आहेत; रेल्वेची स्वतःची नियंत्रण यंत्रणा जंक्शनवर चोवीस तास जागी असते. या तिघांनी पावसाळ्याच्या सरावात तहसीलदाराबरोबर एकदा तरी मोबाइल बंद ठेवून बोलून पाहावे, ही पुस्तकातली सूचना साधी आहे आणि अमलात आणायला खर्च जवळजवळ शून्य. ७ मे २०२५ ला देशभर २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगे वाजले, दिवे मालवले गेले. मोबाइल मालवून पाहण्याचा सराव मात्र अजून व्हायचा आहे.

हौशी रेडिओचे, हॅमचे, प्रकरण लेखकाने प्रेमाने लिहिले आहे, कधी जरा लांबवलेही आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी योगायोगाने अंदमानात गेलेल्या हॅम चमूने तुटलेल्या बेटांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवले, हे खरे. त्या योगायोगावर तालुक्याची व्यवस्था उभी राहत नाही, हेही खरे. परीक्षा देऊन परवाना मिळतो, बारा वर्षांच्या मुलालाही. शिरूर किंवा दौंडच्या एखाद्या महाविद्यालयाने मनावर घेतले तर दोन-तीन वर्षांत दहा-पंधरा माणसे तयार होऊ शकतात. २ ऑक्टोबर १९५३ पासून बोलणाऱ्या आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा मध्यम लहरींवरचा आवाज बॅटरीच्या रेडिओवर या दोन्ही तालुक्यांत ऐकू येतो. तो ऐकणारे यंत्र किती घरांत उरले आहे, हा पुस्तकातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न. फोनमधला रेडिओ बहुतेक वेळा इंटरनेटवर चालतो, हे लोकांच्या लक्षातही येत नाही.

या पुस्तकाचा रोख म्हणूनच युद्धाकडे कमी आणि तालुक्याकडे जास्त आहे. अणुस्फोटाची शक्यता किती, याचे गणित त्यात नाही, आणि नसावेच. ते गाव ठरवत नाही. जो स्पंद कधी येणारच नाही त्याच्यासाठी केलेली तयारी पुराला, गावातले रोहित्र (डीपी) जळण्याला, सौरवादळाला आणि आगीला उपयोगी पडते, एवढा एकच दावा लेखकाने लावून धरला आहे आणि तो टिकतो. कमतरता एक जाणवते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला, जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो, पण ग्रामपंचायतीच्या हाती नेमका किती अधिकार आणि किती पैसा येतो याची चर्चा इथे उरकल्यासारखी झाली आहे. पुढच्या आवृत्तीत ती विस्ताराने यावी.

ज्यांना विज्ञान नवे आहे त्यांनी पहिल्या भागातली समीकरणे खुशाल ओलांडावीत, पुढचे काही अडत नाही. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशा ताईंनी मात्र शेवटचा तक्ता पाहावा. गावात बॅटरीवरचा रेडिओ कोणाकडे, वॉकीटॉकी कोणाकडे, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा भोंगा कोणत्या देवळात, आणि फोन नसेल तर शेजारच्या गावाला मोटारसायकलवर निरोप घेऊन कोण जाणार, असे त्याचे रकाने आहेत आणि ते कोरे ठेवले आहेत. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत ते भरावेत आणि एक प्रत तहसील कार्यालयात नेऊन द्यावी.